फ्रीडॉस : जुन्या विद्येची नव्या विद्यार्थ्यांशी ओळख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो समारंभाला शोभेल असा भारदस्त नाही. ट्रस्टच्या वरच्या मजल्यावरील खोलीत तीन जुने कॉम्प्युटर आहेत. दर रविवारी सकाळी काही मुले त्यांच्यापुढे बसून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटवीत असतात. हा काय प्रकार आहे, यात शिकण्यासारखे काय आहे, आणि ट्रस्टने त्यात लक्ष का घालावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. ज्यांना कॉम्प्युटरमधले काहीच कळत नाही असे समजून मी बोलणार आहे. ज्यांना कळते त्यांनी थोडा वेळ धीर धरावा.

प्रथम नावाचा उलगडा करू. डॉस हे 'डिस्क ऑपरेटिंग सिस्टीम' या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनलेले नाव आहे. कॉम्प्युटर कितीही महागाचा असला तरी तो मुळात लोखंड, प्लॅस्टिक आणि विजेचा खेळ. कीबोर्डवर दाबलेले अक्षर पडद्यावर न्यावयाचे, कागदपत्र कोठे ठेवले ते लक्षात ठेवावयाचे, मागितले की काढून द्यावयाचे, ही कामे करण्यास पेढीवर जसा दिवाणजी लागतो, तसा कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा कारभारी लागतो. आज आपल्या घरोघरी विंडोज किंवा अँड्रॉइड हा कारभारी असतो. तो आपल्यापुढे चित्रे मांडतो, आपण बोट लावतो, आणि काम होते. डॉसजवळ चित्रे नाहीत. त्याला चिठ्ठी लिहावी लागते. काय हवे ते नेमक्या शब्दांत लिहिले की तो ते करतो. लिहिण्यात चूक झाली तर तसे सांगून पुढच्या चिठ्ठीची वाट पाहत बसतो.

डॉसचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरविली. ती मुळात टिम पॅटरसन या अभियंत्याने सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत १९८० साली लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. पुढची दहाबारा वर्षे जगातल्या बहुतेक कचेऱ्यांतून डॉसचेच राज्य होते. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात बँकेत, विमा कचेरीत किंवा कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली, त्यांना वर्डस्टार, लोटस, डीबेस ही नावे ऐकून आपले जुने टेबल आठवेल. आज दुकानोदुकानी दिसणारे टॅली हेही प्रथम डॉसवरच चालत होते.

१९९४ साल उजाडले तेव्हा डॉसचे दिवस भरत आल्याचे स्पष्ट झाले होते. पुढील विंडोजला डॉसची वेगळी गरज राहणार नाही असा बोलबाला होता. कंपनीच्या दृष्टीने ते रास्तच होते. जुना माल बंद करून नवा काढणे हा व्यापाराचा धर्मच आहे. परंतु ज्यांची कामे डॉसवर बसलेली होती त्यांनी काय करावे? विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील शाखेत जिम हॉल नावाचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होता. त्याने २९ जून १९९४ रोजी इंटरनेटवरील चर्चागटात एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा की, डॉससारखीच ऑपरेटिंग सिस्टीम आपण सर्वांनी मिळून नव्याने लिहावी आणि ती सर्वांना मोकळी ठेवावी. पॅट व्हिलानी याने आपण आधीच लिहिलेला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो या कामास देऊन टाकला. टिम नॉर्मन याने आज्ञा वाचणारा भाग लिहिला. मग देशोदेशींचे लोक येत गेले. यातून जी वस्तू निर्माण झाली ती फ्रीडॉस.

निवेदनापासून १.० ही पहिली पूर्ण आवृत्ती निघेपर्यंत बारा वर्षे लागली. ती ३ सप्टेंबर २००६ रोजी प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१२, २०१६ आणि २०२२ साली पुढच्या आवृत्त्या निघाल्या, आणि १.४ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निघाली. व्हिलानी २०११ साली निवर्तले, पण त्यांनी दिलेल्या कर्नलवरच काम पुढे चालू राहिले. हे सर्व लोकांनी आपली नोकरी आणि शिक्षण सांभाळून, फावल्या वेळात, वेतनाविना केले. या सभागृहात ज्यांनी पन्नास वर्षे ट्रस्टचे काम संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर केले, त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता 'फ्री' या शब्दाकडे वळतो, कारण त्याच्या अर्थाविषयी मोठा घोटाळा आहे. फ्री म्हणजे फुकट, असे आपण धरून चालतो. फ्रीडॉस फुकट मिळते हे खरेच, पण येथे फ्री म्हणजे मुक्त. त्याचा गाभा ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली आहे. या परवान्याने चार गोष्टींची मोकळीक दिलेली आहे : कोणत्याही कामास वापरावे, कसे चालते ते उघडून पाहावे, प्रती काढून वाटाव्या, आणि सुधारणा करावी. त्याबरोबर एक बंधनही आहे. सुधारलेली प्रत दुसऱ्यास दिली, तर तिचे मूळ लेखनही द्यावे लागते, आणि या चारही मोकळिकी त्यालाही द्याव्या लागतात. आपल्या ट्रस्टच्या घटनेत लिहिले आहे की, मूळ निधी कोणाही विश्वस्तास आपला म्हणता येणार नाही. त्याच जातीचे हे कलम आहे. जे सर्वांसाठी दिले ते पुन्हा कोणा एकाचे होऊ नये, म्हणून ते घातलेले आहे.

सार्वजनिक विहीर खणणाऱ्याच्या पुण्याईस कोणी पूर्तकर्म म्हणेल, कोणी सदका-ए-जारिया म्हणेल, पाणी तेच. आणि आपण तर वडोदऱ्याची माणसे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे बोलावून फुकट वाचनालयांची व्यवस्था उभी केली आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली. विद्या मोकळी ठेवावी हा विचार या गावाला परका नाही.

याच्या उलट एक गोष्ट सांगणे भाग आहे. लॅपटॉप घेताना किमतीच्या यादीत 'डॉस' असे लिहिलेले आपण पाहिले असेल. पुष्कळदा ते हेच फ्रीडॉस असते. विंडोजची किंमत त्यात धरलेली नसल्याने तो लॅपटॉप स्वस्त पडतो. घरी नेताच बहुतेक लोक एखाद्या ओळखीच्या मुलाकडून चोरीची विंडोज घालून घेतात आणि जे मुळात मोकळेपणाने मिळाले होते ते न पाहताच पुसून टाकतात. मुलांनो, फुकट मिळालेले आणि चोरलेले या दोहोंनाही पैसे पडत नाहीत, म्हणून ती एक होत नाहीत. विंडोज हवी असेल तर विकत घ्यावी. पैसे द्यावयाचे नसतील तर मुक्त वस्तू वापरावी. तिला लाजण्याचे कारण नाही.

आता पहिला धडा घेऊ. फ्रीडॉस सुरू केले की पडद्यावर इंग्रजी सी हे अक्षर, विसर्गासारखी दोन टिंबे, मागे झुकलेली एक रेघ, आणि गणितातले 'पेक्षा मोठे' हे चिन्ह दिसते. पुढे एक बारीक रेघ लुकलुकत असते. नवखा विद्यार्थी येथेच घाबरतो, कारण पुढे काय करावे हे कोणीच सांगत नाही. या ठिकाणी कारभारी हात जोडून उभा आहे आणि हुकूम विचारतो आहे, असे समजावे. सी म्हणजे आतली डिस्क. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असतात, कारण पहिल्या यंत्रांना फ्लॉपीच असे आणि आतली डिस्क मागाहून आली.

प्रथम डी, आय, आर ही तीन अक्षरे लिहून एंटर दाबावे. कपाटात काय काय आहे त्याची यादी येते : प्रत्येक फाइलीचे नाव, आकार, तारीख, वेळ, आणि शेवटी शिल्लक जागा. 'एमडी'ने नवा कप्पा होतो, 'सीडी'ने त्या कप्प्यात जाता येते, आणि 'सीडी'पुढे दोन टिंबे दिली की बाहेर येता येते. 'एडिट'ने लिहावे, 'टाइप'ने लिहिलेले पाहावे, 'कॉपी'ने प्रत काढावी, 'रेन'ने नाव बदलावे. काही आठवेनासे झाले तर 'हेल्प' आहेच. अक्षरे मोठी लिहिली की लहान, याने बिघडत नाही. एवढ्या आठ आज्ञा हाताखाली आल्या म्हणजे विद्यार्थी स्वतःच्या पायावर उभा राहिला असे मी समजतो. त्यास दोन रविवार पुरतात.

नाव ठेवताना मात्र काटकसर करावी लागते. मूळ पद्धतीत फाइलीच्या नावास आठ अक्षरे आणि टिंबानंतर तीन, एवढीच जागा असते. 'वर्गणी' हा शब्द इंग्रजी लिपीत सात अक्षरांत बसतो. 'शिष्यवृत्ती'ला तेरा लागतात, म्हणून तो बसत नाही. मग मुले वाद घालतात, कोणती आठ ठेवावी म्हणजे सहा महिन्यांनी दुसऱ्यालाही कळेल? माझ्या मते हा भाषेच्या तासाला शोभणारा वाद आहे.

'डेल' ही आज्ञा मी शेवटी शिकवितो. तिने फाइल पुसली जाते. येथे केराची टोपली नाही. गंमत अशी की, पुसताना मजकूर ताबडतोब नाहीसा होत नाही. यादीतल्या नावाचे पहिले अक्षर खोडले जाते आणि ती जागा मोकळी झाल्याची नोंद होते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच पडून असतो, आणि त्वरा केल्यास पुष्कळदा परत मिळतो. परंतु त्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

मला शिक्षक म्हणून यात काय आवडते ते सांगतो. मुलाने आज्ञा चुकीची लिहिली, तर 'ही आज्ञा किंवा फाइल मला ठाऊक नाही' अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य येते आणि चुकलेला शब्द जसाच्या तसा दाखविला जातो. त्यात राग नाही, लोभ नाही, उपहासही नाही. मूल स्वतःच पाहते, एक अक्षर राहिले, ते घालते, आणि काम होते. फोनवर वाढलेल्या मुलांना यंत्र म्हणजे जादू वाटते. येथे त्यांना कळते की यंत्र सांगितलेले तेवढेच करते, आणि सांगणारा आपण आहोत. पुढे ती रोज लागणाऱ्या चार आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवतात, तिला बॅच फाइल म्हणतात. त्या फाइलीचे नाव लिहिले की चारही कामे क्रमाने होतात. मुलाचा तो पहिला प्रोग्रॅम.

आणि हे सर्व किती थोड्या सामग्रीत चालते ते पाहा. डॉसच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरे मावतात. डॉसच्या प्रोग्रॅमांना मुळात ६४० किलोबाइट एवढी स्मृती मिळे, म्हणजे अशा सुमारे सव्वातीनशे पडद्यांएवढी. एवढ्यात लोकांनी पेढ्यांचे हिशेब केले, पुस्तके लिहिली. जॉर्ज मार्टिन या विख्यात अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले होते की, आपण डॉसच्या यंत्रावर वर्डस्टारमध्येच लिहितो.

येथवर मी विद्येविषयी बोललो. आता ट्रस्टशी संबंध असलेली एक हकीकत चिटणिसांच्या संमतीने सांगतो. आपल्या ट्रस्टची परतफेडीची शिष्यवृत्ती सर्वांना ठाऊक आहे. १९९३ पासून दहा वर्षे तिचा हिशेब कागदी वह्यांबरोबर कॉम्प्युटरवरही ठेवला जात असे. त्यासाठी एका सभासदाच्या चिरंजीवांनी क्लिपर नावाच्या भाषेत डॉसचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तळमजल्यावरील वह्या भिजून गेल्या आणि जुना कॉम्प्युटरही गेला. कोणाची परतफेड झाली आणि कोणाची राहिली, हे सांगणारे काही उरले नाही. गेल्या वर्षी ज्यांचा हिशेब सापडत नव्हता अशांना स्मरणपत्रे गेली. त्यांत एका भगिनीच्या घरी दोनदा पत्र गेले. त्यांनी नर्सिंगच्या शिक्षणासाठी पैसे घेतले होते. त्या सांगत होत्या की, मी पै न् पै फेडली आहे. पण पावती सव्वीस वर्षांनंतर कोणाजवळ असते? लोकांत कुजबुज सुरू झाली. पैशापेक्षा ती कुजबुज त्यांना अधिक लागली.

वरच्या मजल्यावरील कपाटात बिस्किटांच्या डब्यात चौदा फ्लॉप्या होत्या, त्या पुरातून वाचल्या. पण त्यांतला प्रोग्रॅम चालवावयाचा कोठे? आजच्या ६४ बिट विंडोजवर डॉसचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. एका सभासदांनी अडगळीतला, फ्लॉपी बसणारा एक कॉम्प्युटर दिला. त्यावर आम्ही फ्रीडॉस बसविले. चौदांपैकी अकरा फ्लॉप्या वाचता आल्या, तीन गेल्या. प्रोग्रॅमचे नाव लिहून एंटर दाबताच निळ्या चौकटीत ट्रस्टचे नाव उमटले. त्या भगिनीच्या खात्यात सात हप्ते जमा होते. शेवटच्या हप्त्यापुढे तारीख होती १२/०६/९९, आणि बाकीच्या रकान्यात शून्य. ती ओळ आठवीतल्या एका मुलीने मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले. या प्रकारच्या आणखी नऊ खात्यांचा निकाल त्याच आठवड्यात लागला.

हे सांगितले म्हणून फ्रीडॉस सर्वगुणसंपन्न आहे असा समज करून घेऊ नये. ते एका वेळी एकच काम करते. त्यात माणसागणिक अधिकार वेगवेगळे नसतात. जो पुढे बसेल त्याला सर्व पुसता येते. सबब बँकेचे व्यवहार, इंटरनेट, गुप्त कागद यांसाठी ते नव्हे. फोनवर ते थेट चालत नाही, आणि अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत बायॉस ही जुनी सोय काढून टाकलेली असल्याने तेथेही ते थेट सुरू होत नाही. अशा यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात मांडलेल्या खोट्या कॉम्प्युटरवर, ते चालवावे. नवख्याने घरी हाच मार्ग धरावा. खऱ्या यंत्रावर बसविताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून वडिलांच्या चालू लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये, ही माझी सक्त ताकीद आहे. केवळ पाहावयाचे असल्यास न बसविता चालणारी सीडीही मिळते, आणि फार जुन्या यंत्रांसाठी फ्लॉपीवरची वेगळी आवृत्ती आहे.

दुसरी उणीव आपल्याला अधिक जवळची. फ्रीडॉसवर मराठी अक्षरे आपोआप दिसत नाहीत. डॉसच्या काळी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड काढले होते. ते यंत्रात बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. अशा लेखनाची लिपिसंहिता, इस्की, भारतीय मानक म्हणून १९९१ साली ठरली. ते कार्ड आज सहजी मिळत नाही, आणि आजची युनिकोड देवनागरी डॉसला ठाऊक नाही. त्या वर्षांत जिस्टवर लिहिलेले मराठी मजकूर ज्यांच्याकडे फ्लॉपीवर पडून असतील, त्यांनी ते फेकू नयेत. लिपिसंहिता प्रसिद्ध असल्याने ती अक्षरे आजच्या देवनागरीत उतरविता येतात.

कोणी विचारील की, मायक्रोसॉफ्टनेही आता आपल्या जुन्या डॉसचे मूळ लेखन खुले केले आहे, मग या खटाटोपाचे काय? हे खरे आहे. अगदी जुन्या आवृत्त्या २०१४ साली पाहण्यास आणि २०१८ साली मुक्त परवान्याने मिळाल्या, आणि ४.० ही आवृत्ती २०२४ साली मिळाली. त्याबद्दल त्या कंपनीचे आभारच मानावेत. परंतु १९९४ ते २०२४ ही तीस वर्षे ज्यांना आपले जुने काम चालू ठेवावयाचे होते, त्यांना ही वाट पाहत बसणे परवडले नसते. मालक दार उघडील तेव्हा उघडो. तोपर्यंत शेजाऱ्यांनी आपली विहीर खणली होती.

आता माझी ट्रस्टकडे तीन मागण्या आहेत, आणि तिन्हींना मिळून फारसा खर्च नाही. पहिली, त्या अकरा फ्लॉप्यांतील सर्व हिशेबाच्या दोन प्रती करून त्या दोन वेगळ्या घरी, पुराच्या पाण्यापासून उंच ठेवाव्यात, आणि एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात असावी, म्हणजे ती वाचण्यास कोणत्याच खास प्रोग्रॅमची गरज पडणार नाही. दुसरी, सभासदांच्या घरी अडगळीत पडलेले जुने कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी एकदा ट्रस्टला दाखवावेत. तिसरी, रविवारचा वर्ग मुलांपुरता न ठेवता सर्वांस खुला करावा. मुलींना आणि त्यांच्या आयांना विशेष आग्रहाने बोलवावे. ज्या वडीलधाऱ्यांनी नोकरीत डॉस वापरले, त्यांनी शिकविण्यास यावे. त्यांच्या बोटांना जे अजून आठवते ते माझ्या पुस्तकात नाही.

वर्ग दर रविवारी सकाळी साडेनऊला भरतो. फी नाही. येताना एक वही आणि पेन आणावे, कारण आज्ञा प्रथम हाताने लिहून घ्याव्या लागतात.